बटण तेच, आवाज ट्रकचा! कारला प्रेशर हॉर्न जोडतात कसा आणि कायदा काय म्हणतो?

इन्स्टाग्रामवर गाड्यांचे चार रील्स बघा, पाचवा रील हमखास हाच येतो. एक साधी हॅचबॅक कार. आत बसलेल्या पोराचा अंगठा स्टिअरिंगवरच्या कंपनीच्या बटणावर. त्याने बटण दाबलं की आवाज येतो थेट बारा चाकी ट्रकचा. समोरून जाणारा माणूस दचकतो, कॅमेरा हलतो आणि मागून हसण्याचा आवाज येतो. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, भावा, खर्च किती आला?

दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळमधून वेगळेच व्हिडिओ आले. तिथले परिवहन मंत्री के. बी. गणेश कुमार यांनी एअर हॉर्नविरोधात राज्यभर खास मोहीम लावली होती. जप्त केलेले हॉर्न रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोड रोलर फिरवण्यात आला. निमित्त झालं होतं कोथमंगलमच्या एसटी स्टँडवरच्या एका कार्यक्रमाचं. मंत्री भाषण करत असताना खासगी बसेस कर्कश हॉर्न वाजवत आत शिरल्या, आणि तिथून हे प्रकरण पेटलं.

म्हणजे एकच वस्तू एका व्हिडिओत लाईक्स मिळवतेय आणि दुसऱ्या व्हिडिओत रोलरखाली जातेय. मग हा हॉर्न नक्की असतो काय, तो स्टिअरिंगच्या बटणाला जोडतात कसा, कायद्यात काय लिहिलंय आणि पोलिसांना तो सापडत का नाही, हे एकदा नीट समजून घेऊ.

त्याआधी एक कबुली. असा एक रील मीही शूट केलाय. आमच्या दादाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, दिवाळीत गाडीला प्रेशर हॉर्न बसवला. वायरमन बोनेटमध्ये डोकं घालून काम करत होता आणि मोबाईलचा टॉर्च धरून मी उभी होते. काम झाल्यावर दादाने हॉर्न वाजवला, पार्किंगमधली कबुतरं उडाली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्यानंतर तीन महिन्यांनी सिंहगड रोडवर माझे बाबा स्कूटरवरून पडले. मागून अचानक ट्रकचा हॉर्न आला म्हणून त्यांनी घाईने डावीकडे गाडी घेत पुढचा ब्रेक दाबला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मागे ट्रक नव्हताच. एक पांढरी कार होती, ती थांबली नाही.

ती गाडी दादाची नव्हती. पण तसलाच हॉर्न कसा बसतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त बातमीचा राहिलेला नाही.

आधी साधा हॉर्न समजून घ्या

कंपनीतून येणाऱ्या हॉर्नच्या आत एक पातळ पोलादी पडदा असतो आणि त्याच्या मागे विद्युतचुंबक. करंट आला की चुंबक पडद्याला ओढतो, ओढला गेला की आतला संपर्क तुटतो, पडदा परत जागेवर येतो आणि संपर्क पुन्हा जुळतो. हे एका सेकंदात चारशे-पाचशे वेळा होतं. त्यातूनच 'पीप' ऐकू येतं. बऱ्याच गाड्यांमध्ये असे दोन हॉर्न असतात, एक जरा जाड आवाजाचा आणि एक जरा बारीक आवाजाचा. एक हॉर्न साधारण ३ ते ५ अँपिअर करंट घेतो.

प्रेशर हॉर्नमध्ये पडदा हलवायचं काम वीज नाही, हवा करते. ट्रक आणि बसमध्ये ब्रेकसाठी दाबाखालच्या हवेची टाकी आधीपासून असते. त्यातूनच एक नळी काढून हॉर्नला देतात. कारमध्ये अशी टाकी नसते. म्हणून बाजारात मिळणाऱ्या सेटमध्ये १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, एक-दोन भोंगे, प्लॅस्टिकची नळी आणि एक रिले असा सगळा संसार येतो. बटण दाबलं की कॉम्प्रेसर फिरतो, हवा भोंग्यात घुसते आणि पडदा फडफडतो.

हा कॉम्प्रेसर साधारण १५ ते २० अँपिअर खातो. म्हणजे साध्या हॉर्नच्या चार-पाच पट. जोडणीतली पुढची सगळी भानगड या एका आकड्यामुळे होते.

स्टिअरिंगच्या बटणाला जोडणी कशी होते?

अनेकांना वाटतं की स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की बॅटरीचा करंट बटणातून थेट हॉर्नला जातो. तसं नसतं. बटण फक्त निरोप द्यायचं काम करतं. हा निरोप जातो रिलेकडे.

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्याला साधारण चार पाय असतात आणि त्यांच्यावर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ मध्ये एक छोटी कॉईल असते. बटणाचा निरोप इथे येतो आणि त्याला अगदी किरकोळ करंट पुरतो, एका अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. कॉईल चालू झाली की ३० आणि ८७ हे दोन पाय आतून जुळतात. ३० वर बॅटरीची जाड वायर फ्यूजमार्गे आलेली असते, ८७ वरून करंट कॉम्प्रेसरला जातो.

नीट काम करणारा वायरमन काय करतो? कंपनीच्या हॉर्नचा कपलर काढतो आणि त्या वायरीतून आधी जो करंट हॉर्नला जात होता, तो फक्त नव्या रिलेच्या कॉईलला देतो. नव्या कॉम्प्रेसरसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर टाकतो आणि बॅटरीच्या जवळच वेगळा फ्यूज लावतो. आता तुम्ही स्टिअरिंगवर दाबताय तेच जुनं बटण, निरोप जातोय त्याच जुन्या वायरीतून, पण वाजतंय मात्र दुसरंच.

रील्समध्ये 'स्टिअरिंगला हात न लावता जोडला' असं जे सांगतात ते हेच. सगळं काम बोनेटखाली होतं.

मग गडबड कुठे होते?

पहिली गडबड रिले न वापरता होते. पाचशे रुपये वाचवायला किंवा पंधरा मिनिटं वाचवायला कॉम्प्रेसर थेट जुन्या हॉर्नच्या वायरीला जोडला जातो. आठ-दहा अँपिअरच्या हिशेबाने टाकलेली वायर आता वीस अँपिअर ओढणार. नशीब असेल तर फ्यूज उडतो. मग तो सारखा उडतो म्हणून कोणीतरी मोठा फ्यूज टाकतो. इथे खरी आग लागायची सोय होते. फ्यूज हा गाडीतला मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा असतो, बाकीची वायर वाचावी म्हणून तो आधी जळतो. त्याला मजबूत केलं की मग वायर जळते.

दुसरी गडबड स्टिअरिंग उघडल्यावर होते. काहींना हॉर्नसाठी वेगळं बटण हवं असतं, किंवा कंपनीचं बटण काम करत नसतं. मग स्टिअरिंगचं मधलं झाकण काढलं जातं. त्या झाकणाखाली ड्रायव्हरची एअरबॅग आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या नव्या कारमध्ये ती सक्तीची आहे. एअरबॅग आणि हॉर्न या दोघांच्या वायरी 'क्लॉक स्प्रिंग' नावाच्या एका गुंडाळलेल्या पट्टीतून जातात. स्टिअरिंग फिरतं तशी ती पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी उलगडते आणि गुंडाळते. ती चुकीची बसली किंवा ओढली गेली तर तुटते. मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा लागून राहतो. हा दिवा लागला म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री संपली. आवाजासाठी उशी गमावली, असा हा सौदा.

एअरबॅगच्या वायरीचे कपलर बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे असतात. ते पिवळं दिसलं की कार कंपनीच्या प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी तिथे हात घालू नये, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी गडबड नव्या गाड्यांची. यात स्टिअरिंगचं बटण रिलेला थेट सांगत नाही, गाडीच्या कंट्रोल युनिटला सांगतं. ते युनिट ठरवतं की हॉर्न वाजवायचा. कुठलीही वायर कापून जोड दिला की युनिटला काहीतरी बिघडल्याचं कळतं. वॉरंटीचा वाद इथे सुरू होतो, कारण बाहेरून केलेल्या वायरिंगमुळे झालेलं नुकसान कंपन्यांच्या वॉरंटीत सहसा बसत नाही.

आणि चौथी गडबड फारसं कोणी सांगत नाही. कंपनीचा हॉर्न बटण दाबताक्षणी वाजतो. कॉम्प्रेसरवाल्या हॉर्नला आधी हवा भरावी लागते, म्हणून तो किंचित उशिरा वाजतो. नळी जितकी लांब, तितका उशीर जास्त. म्हणजे समोर लहान मूल आलं, तुम्ही बटणावर थाप मारली, तर सगळ्यात मोठा हॉर्न सगळ्यात उशिरा वाजणार. हॉर्नचं मुख्य कामच जर क्षणात इशारा देणं असेल, तर ही सुधारणा आहे का, याचा विचार करा.

ट्रक-बसमध्ये प्रश्न याहून गंभीर होतो. तिथे हॉर्नची हवा ब्रेकच्या हवेच्या यंत्रणेतूनच येते. कंपनीने अशा जोडण्यांसाठी संरक्षक व्हॉल्व्ह दिलेला असतो. पण रस्त्याकडेच्या दुकानात तो वगळून थेट टाकीलाच छिद्र मारून नळी जोडली, तर गळती थेट ब्रेकच्या हवेची होते.

आता भेटा चोर बटणाला

दादाच्या गाडीत वायरमनने अजून एक गोष्ट बसवली होती. डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याजवळ, हात घातल्याशिवाय दिसणार नाही असा एक छोटा टू-वे स्विच. तो वर असेल तर स्टिअरिंगचं बटण कंपनीचा हॉर्न वाजवतं. खाली असेल तर प्रेशर हॉर्न. बाजारात याला चोर बटण म्हणतात.

याचं समर्थन असं केलं जातं की गावात कंपनीचा हॉर्न वापरायचा, हायवेला मोठा. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. पण हा स्विच लपवलेला का असतो? कारण पोलिसांनी गाडी अडवून हॉर्न वाजवायला सांगितलं तर 'पीप' ऐकू यावं. आपण जे करतोय ते नियमात बसत नाही हे बसवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला तिघांनाही माहीत असतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

कायदा नक्की काय म्हणतो?

सोशल मीडियावर दोन टोकाची वाक्यं फिरतात. एक, 'एअर हॉर्नवर सरसकट बंदी आहे'. दुसरं, 'काही होत नाही, हजाराची पावती फाडतात'. दोन्ही अर्धवट आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ हा हॉर्नचा नियम. त्याचा पहिला भाग सांगतो की गाडीला विजेवर चालणारा किंवा दुसरं असं साधन असावं जे आयएस १८८४ या भारतीय मानकात बसतं. म्हणजे हवेवर चालतो म्हणून हॉर्न बेकायदेशीर, असं नियम म्हणत नाही. दुसरा भाग महत्त्वाचा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीला बसवायचा नाही. आणि अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारं कुठलंही साधन बसवायचं नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस अशा गाड्यांना त्यांच्या कामापुरती सूट आहे.

इथे शब्द आहे 'बसवणं'. म्हणजे वाजवला नाही तरी, नुसता गाडीत लावलेला असणंही नियमाबाहेर आहे. चोर बटण वर आहे की खाली, याने फरक पडत नाही.

आता शिक्षा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली मोठा बदल झाला. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. या कायद्यात आपल्या विषयाला लागू होणारी तीन वेगवेगळी कलमं आहेत आणि लोक ती नेहमी एकमेकांत मिसळतात.

एक, कलम १९४-फ, ज्याला इंग्रजीत १९४-एफ म्हणतात. हे हॉर्न *वाजवण्याबद्दल* आहे. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा 'हॉर्न वाजवू नये' असा फलक असलेल्या जागी वाजवला, तर पहिल्यांदा १,००० रुपये आणि पुन्हा केलं तर २,००० रुपये दंड. हे कंपनीच्या हॉर्नलाही लागू आहे.

दोन, कलम १९०(२). हे *गाडीबद्दल* आहे. आवाज आणि प्रदूषणाची ठरलेली मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्दबातल.

तीन, कलम १८२-अ(४). हे *बदल करण्याबद्दल* आहे. कायद्यात परवानगी नसलेल्या पद्धतीने गाडीत बाहेरचे भाग बसवून बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

म्हणजे 'हजाराची पावती' हे फक्त पहिलं कलम झालं. बाकीची दोन कलमं रस्त्यावर कमी वापरली जातात म्हणून ती नाहीत असं नाही.

याशिवाय वेळेचा नियम वेगळा. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात अपवादात्मक परिस्थिती सोडून हॉर्न वाजवू नये. पुढे २०१० मध्ये ध्वनिप्रदूषण नियमांतही हे आलं. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही मनाई आहे.

११२ डेसिबल म्हणजे किती?

चारचाकीवर बसवलेला हॉर्न गाडीच्या समोर ७ मीटरवरून मोजला तर ९३ ते ११२ डेसिबलच्या मध्ये असावा, असं मानक आहे. म्हणजे खालची मर्यादाही आहे, कारण हॉर्न ऐकू तर यायलाच हवा.

आता एक हिशेब करू. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ७ मीटरवर ११२ असेल, तर साडेतीन मीटरवर ११८ आणि पावणेदोन मीटरवर १२४. सिग्नलला कारच्या बंपरपुढे उभा असलेला स्कूटरवाला साधारण एवढ्याच अंतरावर असतो. आणि हे झालं कायद्यात *बसणाऱ्या* सगळ्यात मोठ्या हॉर्नचं. प्रेशर हॉर्नच्या खोक्यावर छापलेले आकडे कितीही मोठे असोत, ते किती अंतरावरून मोजले हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. त्यामुळे त्या आकड्यांवरून तो हॉर्न नियमात बसतो की नाही हे ग्राहकाला कळूच शकत नाही.

डेसिबलची मोजपट्टी साधी नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचा ठोकताळा असा आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने ११२ डेसिबलला दिवसभरात मिळून एक मिनिटसुद्धा मिळत नाही.

कारमधला माणूस काचेच्या आत असतो, एसी लावलेला असतो, गाणी चालू असतात. त्याला स्वतःचा हॉर्न तेवढा मोठा वाटत नाही. फटका बसतो तो बाहेरच्यांना. म्हणजे दुचाकीवाला, सायकलवाला, भाजीची गाडी ढकलणारा, रस्ता ओलांडणारी आजी आणि दिवसभर चौकात उभा असलेला ट्रॅफिक हवालदार.

आणि नुकसान फक्त कानाचं नाही. आपण ट्रकचा आवाज ऐकला की मेंदू ट्रकच्या हिशेबाने निर्णय घेतो. एवढ्या मोठ्या गाडीला जागा द्यायची म्हणून माणूस अंग चोरतो, दचकून हँडल वळवतो. मागे खरोखर छोटी कार असेल तर तेवढं वळायची गरजच नव्हती. हॉर्न म्हणजे 'मी इथे आहे' ही माहिती. कारने ट्रकचा आवाज काढणं म्हणजे खोटी माहिती देणं. बाबांचं मनगट त्या खोट्या माहितीमुळे मोडलं.

मग लोक बसवतात कशाला?

सगळेच रीलसाठी बसवत नाहीत, हे मान्य करायला हवं. दादा महिन्यातून चार-पाच वेळा कोल्हापूरला जातो. त्याचं म्हणणं असं की हायवेला ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये कंपनीचा 'पीप' पोचत नाही. लेन बदलणारा ट्रक अंगावर येतो तेव्हा मोठा हॉर्नच कामाला येतो. घाटात तर आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा असे फलक सरकारच लावतं.

यात तथ्य आहे. पण यात एक चढाओढही आहे. साधा हॉर्न सगळेच विनाकारण वाजवतात, म्हणून साध्या हॉर्नकडे कोणी लक्ष देत नाही. लक्ष देत नाहीत म्हणून मोठा हॉर्न लागतो. तो सगळ्यांनी बसवला की त्याकडेही लक्ष जाणार नाही. मग याच्याही वरचा बसवणार का?

आपल्याकडे ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायची पद्धत होती. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने हे लिहिण्यावर बंदी घातली, कारण त्याने लोकांना विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. पाटी बऱ्याच ठिकाणी पुसली गेली, सवय काही पुसली गेली नाही.

आणि थोडा भाग रुबाबाचाही आहे. मे २०१७ मध्ये मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. पण रस्त्यात 'बाजूला व्हा' असं सांगण्याची हौस मंत्र्यांपुरती कधीच नव्हती. पाच-सहा हजारांचा हॉर्न ती हौस कोणालाही भागवून देतो.

कारवाई अडते कुठे?

नियम ११९ मध्येच याचं उत्तर लपलंय. सूर बदलणारा, गाणं वाजवणारा हॉर्न पकडणं सोपं आहे. त्याला मोजमाप लागत नाही, कान पुरतात. पण कारला लावलेला एकसुरी प्रेशर हॉर्न 'अवाजवी मोठा' आहे हे सिद्ध करायचं तर ध्वनिमापक लागतो, अंतर मोजावं लागतं आणि आजूबाजूचा गोंगाट वजा करावा लागतो. वाहत्या चौकात हे कोण करणार? त्यात चोर बटण वर असेल तर प्रश्नच मिटला.

मुंबई वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० च्या अखेरीस एक वेगळा प्रयोग लोकांसमोर आणला. काही सिग्नलला ध्वनिमापक जोडले. लाल दिव्याला उभ्या असलेल्या गाड्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. वाजवा हॉर्न आणि बसा वाट बघत. तो व्हिडिओ जगभर फिरला. पण तो उपाय सिग्नलवरच्या अधीरपणावर होता, गाडीत बसवलेल्या भोंग्यावर नाही.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांचे आवाज यावेत असा कायदा करण्याचा विचार आहे. कल्पना कानाला गोड आहे. पण सुरांचा प्रश्न सोडवला तरी पातळीचा प्रश्न उरतोच. १२० डेसिबलची बासरीसुद्धा माणसाला स्कूटरवरून पाडू शकते.

केरळचा रोड रोलर दिसायला जोरदार होता. मात्र त्याखाली जाते ती गाडीतून काढलेली वस्तू. दुकानाच्या फळीवर तीच वस्तू नवी कोरी मांडलेली असते, ऑनलाईन तर दोन दिवसांत घरपोच येते. नियमाची भाषा बसवण्याची आहे आणि पावती गाडीवाल्याची फाटते. विकणारा आणि बसवून देणारा वायरमन या साखळीत जवळजवळ मोकळे राहतात. जोपर्यंत मानकात न बसणारा हॉर्न दुकानातच अडवला जात नाही, तोपर्यंत चौकातली मोहीम आठवडाभर चालेल आणि पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा बसवून घेतील.

तुमच्या गाडीत असेल तर काय कराल?

एक, कंपनीचा हॉर्न बारीक वाजत असेल तर आधी त्याचा कपलर, अर्थची वायर आणि गंज बघून घ्या. पावसाळ्यानंतर आवाज बसण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

दोन, बदलायचाच असेल तर आयएस १८८४ मानकाचा, एकसुरी, गाडीच्या व्होल्टेजला आणि फ्यूजला झेपणारा विजेवरचा हॉर्न घ्या. बिल जपून ठेवा.

तीन, प्रेशर हॉर्न आधीच बसवलेला असेल तर तो काढताना कापलेल्या वायरी उघड्या सोडू नका. कोणी मोठा फ्यूज टाकलाय का ते बघा आणि कंपनीने सांगितलेल्या अँपिअरचाच फ्यूज परत लावा.

चार, एअरबॅगचा दिवा लागला असेल तर 'सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, चालतं' या उत्तरावर गप्प बसू नका.

पाच, जुनी गाडी विकत घेत असाल तर डॅशबोर्डखाली एकदा हात फिरवून बघा. चोर बटण आधीच्या मालकाचं असलं तरी पावती तुमच्या नावावर फाटेल.

बाबांचं प्लास्टर निघालं तेव्हा दादा त्यांना भेटायला आला होता. बाबांनी त्याला काही सुनावलं नाही, फक्त तो आवाज कसा आला आणि त्यांना काय वाटलं ते सांगितलं. दादा बराच वेळ गप्प होता. जाताना म्हणाला की मामा, बटण मी कधीचं वर करून ठेवलंय. काढून टाकलेला मात्र नाही, हायवेला लागतो म्हणतो. आमचा तो वाद अजून सुरू आहे.

दिवाळीतला तो रील मी काढून टाकलाय. माझ्या अकाउंटवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच होता.